बाई रजेवर, साहेब वर्गावर: अमेरिकेतल्या शाळांना बदली शिक्षक का मिळेनात?

परवा आईशी फोनवर बोलताना मी सहज सांगितलं, "आज आमच्या शाळेत डिस्ट्रिक्ट ऑफिसच्या मॅडम दुसरीच्या वर्गावर होत्या. बदली शिक्षक मिळाला नाही म्हणून." आई सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली. सगळं आयुष्य शाळेत गेलेलं, तरी तिला यातलं काही कळेना. "बदली शिक्षक म्हणजे बदली होऊन आलेला ना? आणि ऑफिसच्या मॅडम म्हणजे विस्तार अधिकारी का? त्या तपासणीला येतात. वर्गावर कशाला जातील?"

तिचा गोंधळ रास्त होता. आपल्याकडे शिक्षक आणि बदली हे दोन शब्द शेजारी आले की डोळ्यांसमोर येतं ते तालुका बदलणं, ऑनलाइन अर्ज, पती-पत्नी एकत्रीकरण. मग मी तिला विचारलं, "आजोबा गिरणीत लागले तेव्हा आधी काय म्हणून लागले होते?" ती म्हणाली, "बदली." आणि पुढचं तिला फारसं समजावून सांगावं लागलंच नाही.

मी न्यू जर्सीत काही वर्षं बदली शिक्षिका म्हणून काम करते आहे. इथे त्याला थोडक्यात 'सब' म्हणतात. बदली शिक्षकांचा तुटवडा आणि ऑफिसातले अधिकारी वर्गावर उभे, ही बातमी अमेरिकेत अधूनमधून येतच असते. इथल्या मराठी पालकांनाही ती वाचून प्रश्न पडतात, आणि तिकडच्यांना तर हा सगळा प्रकारच नवा. म्हणून मुळापासून सांगते.

गिरणीचं गेट आणि पहाटेचा फोन

मुंबईच्या कापड गिरण्यांत कायम कामगारांबरोबर बदली कामगारांची एक फौज असायची. पाळी सुरू व्हायच्या आधी बदली कामगार गेटवर हजर. कायम कामगारांपैकी कोणी आला नाही तर त्याच्या जागी याला आत घ्यायचं आणि दिवसाचा पगार द्यायचा. सगळे आले तर डबा घेऊन परत खोलीवर. माग थांबता कामा नये म्हणून गिरणीला ही माणसं हवी असत, पण त्यांना कायम करणं नको असे. १९८२ च्या गिरणी संपातल्या मागण्यांत बदली कामगारांना कायम करा ही एक मागणी होती.

अमेरिकेतला सब हा शाळेचा बदली कामगार. फरक इतकाच की गेट आता मोबाइलमध्ये आलं आहे. वर्गशिक्षिका आजारी पडली, तिचं मूल आजारी पडलं किंवा तिला प्रशिक्षणाला जायचं असलं की ती एका संगणकीय यंत्रणेत आपली गैरहजेरी नोंदवते. यादीतल्या सगळ्या सबना ते काम दिसतं, किंवा पहाटे फोन येतो. शाळेचं नाव, इयत्ता, वेळ. जो आधी 'हो' म्हणेल त्याचं काम. मी हिवाळ्यात उशाशी फोन ठेवून झोपते. साडेपाचला तो वाजला की डोळे न उघडता मनाशी हिशेब करते: गाडीवर बर्फ किती असेल, मुलांना शाळेत कोण सोडेल, आणि ही शाळा बरी आहे की नाही.

सब व्हायला काय लागतं हे राज्याराज्यावर आहे. काही राज्यांत पदवी लागते, काही ठिकाणी कॉलेजची थोडी वर्षं पुरतात. बोटांचे ठसे देऊन पोलिस पडताळणी मात्र होतेच. माझी पुण्याची पदवी इथल्या पदवीच्या तोडीची आहे असं एका संस्थेकडून लिहून आणावं लागलं होतं. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आलेल्या कितीतरी आपल्याकडच्या बायका २०१५ नंतर, एच-४ व्हिसावर काम करायची परवानगी मिळू लागली तेव्हापासून, या वाटेने शाळांत शिरल्या. मीही त्यांतलीच एक.

आणखी एक शब्द इथेच सांगून टाकते. 'स्कूल डिस्ट्रिक्ट' म्हणजे आपला जिल्हा नव्हे. एका गावाच्या किंवा शहराच्या सरकारी शाळा चालवणारी ती स्वतंत्र संस्था असते. बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेलं मंडळ असतं आणि ते मंडळ एक सुपरिंटेंडेंट, म्हणजे सगळ्या शाळांचा मुख्य अधिकारी, नेमतं. न्यू यॉर्क शहराचा डिस्ट्रिक्ट अवाढव्य आहे, तर न्यू जर्सीसारख्या लहान राज्यातच सहाशेच्या आसपास डिस्ट्रिक्ट आहेत. काहींच्या ताब्यात दोन-तीनच शाळा. अभ्यासक्रम, विशेष शिक्षण, परीक्षा, भरती, हिशेब हे सगळं बघणारे अधिकारी त्या डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात बसतात. आमच्या दुसरीच्या वर्गावर आलेल्या मॅडम त्यांच्यापैकी.

हिशेब अगदी साधा आहे

एका शाळेत ४० शिक्षक आहेत आणि प्रत्येकाने वर्षात १० दिवस रजा घेतली असं धरू. दहा दिवस म्हणजे काही फार नाही. शाळेचं वर्ष साधारण १८० दिवसांचं. ४० गुणिले १० म्हणजे ४०० रजा, त्या १८० दिवसांत वाटल्या तर रोज दोनाहून जरा जास्त वर्ग बाईंविना. डिस्ट्रिक्टमध्ये अशा १० शाळा असतील तर रोज २२ वर्ग. कोणी कामचुकार नसताना, कसलीही साथ नसताना.

बरं, रजा अशा समान वाटलेल्या येत नाहीत. मंगळवारी एकही नसते आणि शुक्रवारी पाच येतात. फ्लूच्या आठवड्यात आठ.

या २२ पैकी किती जागांवर सब मिळाला, त्या टक्केवारीला इथे 'फिल रेट' म्हणतात. ८० टक्के ऐकायला बरे वाटतात. पण उरलेले २० टक्के म्हणजे रोज चार-पाच वर्ग, प्रत्येकात वीस-पंचवीस मुलं, आणि सकाळी आठ वाजता दारात कोणीही नाही. गिरणीचा माग तासभर थांबवता येतो. वर्गाचं तसं नाही. मुलं बसमधून उतरलेली असतात.

मग माणसं गेली कुठे?

तुटवडा कोविडने आणला असं सगळे म्हणतात. कोविडने तो उघडा पाडला हे खरं, पण सबची फौज आधीपासूनच आटत आली होती. या फौजेत कोण असायचं ते पाहिलं की कारण कळतं: निवृत्त शिक्षक, कॉलेजात शिकणारी मुलं, मुलं शाळेत जायला लागल्यामुळे दिवसाचे चार तास मोकळ्या झालेल्या आया. यांतल्या कोणाचंही घर या कमाईवर चालत नव्हतं. म्हणूनच ते थोड्या पैशांत येत होते. बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये दिवसाचे शंभर ते दोनशे डॉलर मिळतात. सुट्टीचा पगार नाही, उन्हाळ्याचे दोन महिने काही नाही, आरोग्य विमा बहुतेकांना नाही.

विम्यामागे एक कायदा आहे. ओबामांच्या काळातल्या आरोग्य कायद्याने मोठ्या मालकांवर बंधन घातलं की आठवड्याला सरासरी ३० तास काम करणाऱ्याला विमा देऊ करायचा. हेतू उत्तमच होता. पण विम्याचा खर्च टाळायला अनेक डिस्ट्रिक्टनी सबचे दिवसच मोजून द्यायला सुरुवात केली, म्हणजे कोणी तिसाच्या पुढे जाणारच नाही. ज्याला आठवडाभर काम हवं होतं तो साहजिकच दुसरीकडे गेला.

मग कोविड आला. निवृत्त शिक्षक वयाने मोठे. बंद खोलीत पंचवीस मुलांबरोबर बसायला ते का येतील? त्याच सुमारास गोदामं आणि दुकानं तासाचा दर वाढवत होती. तिथे आठवड्याचं वेळापत्रक आधी कळतं आणि कोणी अंगावर कागदाचे बोळे फेकत नाही.

आणि एक कारण बातम्यांत क्वचितच येतं. रजा आणि रिक्त पद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रजेवरची बाई परत येते. रिक्त पदावर कोणी येतच नाही, आणि तिथे महिनोन् महिने एकच सब बसवला जातो. अशा लांब मुदतीच्या कामाला जरा जास्त पैसे असल्यामुळे चांगले सब तिकडे जातात. रोजच्या रजा भरायला मग मागे उरतात मोजके. पाहुण्यांसाठी जादा ठेवलेल्या गाद्या घरच्यांनीच रोज वापरायला काढल्या तर पाहुणा आल्यावर त्याला जमिनीवरच झोपावं लागणार.

उसनवारीची उतरंड

सब मिळाला नाही की मुख्याध्यापकांच्या ऑफिसात सकाळी सातला काय चालतं ते मी पाहिलं आहे. सेक्रेटरीच्या हातात पिवळं पॅड आणि त्यावर खाडाखोड. सगळ्यात आधी ज्या शिक्षकाचा तास मोकळा आहे त्याला पाठवायचं. हा मोकळा तास म्हणजे आराम नसतो. वह्या तपासणं, उद्याची तयारी, पालकांना फोन हे सगळं त्यात असतं. तो गेला की ते काम रात्री घरी. दुसरा उपाय म्हणजे वर्ग फोडायचा: वीस मुलं पाच-पाच करून चार वर्गांत वाटायची. मुलं आपापली खुर्ची उचलून मागे जाऊन बसतात आणि दिवसभर कुठलं तरी पान रंगवतात.

तिसऱ्या उपायाने माझ्या पोटात तुटतं. विशेष गरजा असलेल्या मुलांसोबत मदतनीस असतात. स्वमग्न मुलाच्या शेजारी बसून त्याला दिवसभर सांभाळून घेणारी, पाणी हवं की गोंगाट सहन होत नाही हे त्याच्या हातांच्या हालचालीवरून ओळखणारी बाई. अपंग मुलांच्या शिक्षणाचा इथला केंद्रीय कायदा सांगतो की मुलासाठी जी मदत लेखी ठरली आहे ती त्याला मिळालीच पाहिजे. तरीही सकाळी सातला खिंड लढवायला माणूस नसला की पहिली नजर तिच्यावर जाते, कारण ती शाळेत हजर असते आणि सगळ्यांच्या ओळखीची असते. ती तिसरीच्या वर्गावर जाते. तिसरीचा वर्ग शांत राहतो. आणि खाली पहिलीत एक मुलगा दुपारपर्यंत टेबलाखाली बसून राहतो. तो त्या दिवसाच्या कुठल्याच आकडेवारीत येत नाही.

यानंतर समुपदेशक, ग्रंथपाल, खेळाचे शिक्षक, उपमुख्याध्यापक, मुख्याध्यापक. तेही पुरले नाहीत की डिस्ट्रिक्ट ऑफिसला फोन.

साहेब वर्गावर

जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉनच्या लाटेत शिक्षक एकदमच मोठ्या संख्येने आजारी पडले, तेव्हा हे देशभर उघड दिसलं. न्यू यॉर्क शहराने मुख्य ऑफिसातले कर्मचारी शाळांमध्ये पाठवले. लॉस एंजेलिसने शिक्षकाचं प्रमाणपत्र असलेल्या ऑफिसातल्या माणसांना वर्गावर धाडलं. न्यू मेक्सिकोच्या गव्हर्नर (आपल्या मुख्यमंत्र्यांसारखं पद) मिशेल लुहान ग्रिशम यांनी नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाच्या जवानांना आणि राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना सब व्हायचं आवाहन केलं आणि त्या स्वतः सँटा फेच्या एका बालवाडीच्या वर्गावर गेल्या. ओक्लाहोमाच्या गव्हर्नरनी सरकारी कर्मचाऱ्यांना आपला पगार चालू ठेवून सब होण्याची मुभा दिली. तिथल्या मूर या गावात पोलिस वर्गावर उभे राहिले. मिशिगनने त्याच्या आदल्याच महिन्यात कायदा करून शाळेच्या सेक्रेटरी, बसचालक आणि मदतनिसांना त्या वर्षापुरतं सब व्हायला परवानगी दिली होती.

लाट ओसरल्यावर, २०२२ च्याच उन्हाळ्यात, केंद्र सरकारच्या शिक्षण आकडेवारी विभागाने शाळांची पाहणी जाहीर केली. कोविडच्या आधीपेक्षा सब मिळणं अवघड झालंय असं ७७ टक्के सरकारी शाळांनी सांगितलं. म्हणजे बातम्यांतल्या गव्हर्नरबाईंचा फोटो अपवादाचा असला तरी त्यामागचं दुखणं घराघरातलं होतं.

"ऑफिसात एवढी माणसं रिकामीच होती का?"

हा पहिला आक्षेप, आणि तो माझ्या शेजारच्या अमेरिकन काकांनी अगदी याच शब्दांत घेतला होता. इथे शाळांचा मोठा खर्च घरपट्टीतून निघतो, त्यामुळे ऑफिसातल्या प्रत्येक खुर्चीचा हिशेब लोक मागतात, आणि मागायलाच हवा.

पण वर्गावर जाणारा अधिकारी आपलं काम टाकून गेलेला असतो. आमच्याकडे आलेल्या मॅडम वाचनाचा अभ्यासक्रम बघतात. त्या दिवशी एका शाळेतल्या वाचनात मागे पडलेल्या मुलांच्या चाचण्यांबद्दल त्यांची बैठक होती. ती दोन आठवडे पुढे गेली. त्या चाचण्यांवरून ज्या मुलांना जादा मदत मिळणार होती त्यांचे दोन आठवडे गेले. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर आपला चहा होतो, पण साखर कमी झालेलीच असते, फक्त दुसऱ्या डब्यात.

काही ऑफिसांत खरंच माणसं जास्त असतील. तसं असेल तर ती पदं अंदाजपत्रकात उघड चर्चा करून कमी करावीत. फ्लूच्या आठवड्यावरून तो निष्कर्ष काढता येत नाही.

"एक दिवस बाई नसल्या तर काय बिघडतं?"

आपल्या पिढीला ऑफ तासाची आठवण गोड वाटते. भेंड्या, फळ्यावर चित्रं, मॉनिटरने लिहिलेली बोलणाऱ्यांची नावं. एखाद्या दिवसाने खरंच काही बिघडत नाही. पण दिवस साठत जातात. हार्वर्डच्या संशोधकांनी एका शहरी डिस्ट्रिक्टमधल्या चौथीच्या मुलांचा अभ्यास करून २००८ मध्ये मांडलं होतं की शिक्षकाच्या वर्षातल्या दहा जादा गैरहजेऱ्यांनी गणिताचे गुण थोडे पण मोजता येण्याइतके घसरतात.

हा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही, हे मला यातलं सगळ्यात वाईट वाटतं. सब स्वतः शाळा निवडतो. पहाटे साडेपाचला मीही निवडते, वर सांगितलंच. दूरची शाळा, भांडणांची शाळा, गरीब वस्तीतली शाळा मागे राहते. तिथेच पदंही जास्त रिक्त असतात. म्हणजे ज्या मुलाला घरी कोणी शिकवणारं नाही त्याच्याच वर्गात वारंवार कोणी नसतं. शिकागोने अशा निवडक शाळांत जाणाऱ्या सबना दिवसाचे जादा पैसे दिले आणि तिथे रिकामे राहणारे वर्ग कमी झाले. म्हणजे उपाय आहे, पण त्याला पैसे लागतात.

"मग पैसे वाढवा की!"

वाढवले. कोविडनंतर केंद्राने शाळांना एका झटक्यात १२२ अब्ज डॉलर दिले आणि कित्येक डिस्ट्रिक्टनी त्यातून सबची रोजंदारी वाढवली. तो पैसा कशावर खर्च करायचा हे ठरवण्याची मुदत सप्टेंबर २०२४ ला संपली. शिवाय शेजारशेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये चढाओढ लागते. पंधरा मिनिटांवरच्या श्रीमंत गावाने रोजचे तीस डॉलर वाढवले की आमचे सब तिकडे. एकूण फौज तेवढीच, नुसती पांगापांग.

अटी सैल करून पाहिल्या. ओरेगनने २०२१ मध्ये पदवीशिवाय सब होता येईल असा तात्पुरता परवाना काढला. कॅन्ससने जानेवारी २०२२ मध्ये १८ वर्षं पूर्ण झालेल्या, बारावी पास माणसाला काही महिन्यांपुरती परवानगी दिली. याने दार भरतं. पण समोर सतरा वर्षांची मुलं आणि फळ्यापाशी अठरा वर्षांचा मुलगा, तेव्हा तास कसा जात असेल याची कल्पना शिक्षकाच्या घरातल्या कोणालाही येईल. पालकांना बोलावूनही झालं. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोत त्याच जानेवारीत शेकडो पालकांनी नावं दिली. पण दुपारी शाळेत येऊ शकणारे पालक सगळ्या गावांत नसतात. दोन पाळ्यांत राबणारी आई कुठून येणार?

माझ्या मते खरा उपाय आहे तो शाळेच्या पक्क्या सबचा. काही शाळांत असा एक माणूस असतो: रोज त्याच शाळेत येतो, कोणी रजेवर असो-नसो पगार घेतो, सगळ्या मुलांना नावानिशी ओळखतो. कोणी गैरहजर नसेल त्या दिवशी तो मागे पडलेल्या मुलांना घेऊन बसतो. मंडळाच्या बैठकीत त्याच्यावर हमखास आक्षेप येतो की हा माणूस काही दिवस "जादा" ठरतो. अग्निशमन दलाचे जवान आग नसताना बसून पगार घेतात म्हणून कोणी तक्रार करत नाही. वरच्या हिशेबात रोज सरासरी दोन वर्ग रिकामे होते. म्हणजे ४० शिक्षकांच्या शाळेत दोन पक्के सब बहुतेक दिवस कामातच असतील.

आपल्याकडे काय?

आईला हे सगळं सांगून झाल्यावर ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुमच्याकडे निदान फोन तरी वाजतो."

तिची शाळा द्विशिक्षकी. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाने प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक. त्यातला एक रजेवर गेला की दुसऱ्याकडे चारही इयत्ता. रोजची रजा भरून काढायला सब नावाची यंत्रणा आपल्या जिल्हा परिषद शाळांत नाहीच. फार झालं तर जवळपासच्या शाळांच्या केंद्रातल्या दुसऱ्या शाळेतला शिक्षक कामगिरीवर पाठवायचा, म्हणजे तिथे खड्डा. प्रसूती रजा १८० दिवसांची असते. तेवढे महिने गावातली शाळा एका माणसावर ओढली जाते. निवडणूक आणि जनगणनेची कामं तर कायद्यानेच शिक्षकांना लावता येतात. जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त शिक्षकांना महिना २० हजार रुपये मानधनावर जिल्हा परिषद शाळांत घ्यायचं ठरवलं, पण ते रिक्त पदांसाठी. रजेचा प्रश्न तिथेच आहे.

आईने सांगितलेली एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती. एकदा दुसरे गुरुजी प्रशिक्षणाला गेलेले आणि तिला सणसणून ताप. ती तशीच शाळेत गेली. चारही वर्ग एका खोलीत घेतले, चौथीच्या एका मुलीला पहिलीची बाराखडी घ्यायला बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून शाल पांघरून बसली. अडीच वाजता ती मुलगी येऊन म्हणाली, "बाई, तुम्ही झोपा. मी सगळ्यांना बघते."

ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. मला ती ऐकून आईचा अभिमान वाटला आणि राग आला. त्या मुलीचाही तो दिवस शिकायचा होता.

मग साहेबांनी वर्गावर जावं की नाही?

जावं, असं मला वाटतं, आणि तुटवडा नसतानाही वर्षातून चार-सहा दिवस जावं. बहुतेक अधिकारी एके काळी शिक्षकच होते, शिकवणं ते विसरलेले नसतात. पण वर्ग त्यांच्या डोक्यातून कागदावर गेलेला असतो.

त्या दिवशी मी समोरच्या वर्गावर होते. मॅडम सकाळी आल्या तेव्हा त्यांच्याकडे झेरॉक्स मशीनचा कोड नव्हता, तास बदलायच्या वेळा माहीत नव्हत्या, आणि सबसाठी ठेवलेली फाइल सापडत नव्हती. त्या फाइलमध्ये बसण्याची जागा, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी कोणाला, आग लागली तर कुठल्या दाराने बाहेर जायचं हे सगळं असतं. दहा वाजता त्या माझ्या दाराशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "एक मुलगी सकाळपासून रडते आहे, तिच्या बाई कधी येणार विचारते. काय सांगू?" मी म्हटलं, खरं सांगा, बाईंना बरं नाही, आणि तिला पेन्सिली टोकदार करायचं काम द्या. दुपारी घरी सोडताना कोण कुठल्या नंबरच्या बसने जातं यावरून त्यांची तारांबळ उडाली. एक मुलगा चुकीच्या रांगेत उभा होता. मदतनीस बाईंनी त्याला वेळेत ओढून घेतलं नसतं तर तो दुसऱ्याच वस्तीत उतरला असता.

सबने दिवसाच्या शेवटी वर्गशिक्षिकेसाठी चिठ्ठी ठेवायची पद्धत आहे: काय झालं, काय राहिलं, कोणी मदत केली, कोण रडलं. मॅडमनी मला विचारलं की यात किती लिहायचं असतं. मी सांगितलं, चार ओळी पुरतात. मी माझ्या वर्गाचे दिवे बंद करून निघाले तरी त्या त्या बुटक्या खुर्चीवर बसून लिहीतच होत्या. दोन पानं भरली होती. दाराशी थांबून निरोप घेतला तेव्हा त्यांनी मोबाइल काढला आणि त्या दोन्ही पानांचा फोटो घेतला. म्हणाल्या, सोमवारच्या बैठकीत हवा आहे.